झोळी नेमकी कधी घ्यावी

कोणतीही वस्तू विकत घेण्याची एक योग्य वेळ असते. त्या वेळेआधी घेतली तर तो उतावळेपणा ठरतो आणि नंतर घेतली तर हलगर्जीपणा. जबाबदार कुटुंब या दोहोंच्या मधला क्षण शोधत राहतं आणि तो सापडेपर्यंत त्या वस्तूवाचून भागवतं. आमचं कुटुंब अत्यंत जबाबदार आहे. बाळाला अंगाशी बांधून घ्यायची कापडी झोळी कधी घ्यावी, या प्रश्नाचा आमच्याकडे जितका खोलवर विचार झाला, तितका झोळ्या बनवणाऱ्यांनीही केला नसेल. त्या विचाराचा हा वृत्तान्त इतर कुटुंबांच्या मार्गदर्शनासाठी देत आहे.

आधी कुटुंबाची रचना सांगतो. माझे वडील, म्हणजे आप्पा, मिक्सरच्या कारखान्यात तपासनीस होते. माल नाकारणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की कारखान्यात त्यांना सगळे 'नापाससाहेब' म्हणत. (ही पदवी आहे अशी त्यांची समजूत आहे.) पुढे ते निवृत्त झाले, पण नाकारणं चालूच राहिलं. मी स्वतः पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. आमच्या विभागानं आजवर एकही चुकीची वस्तू खरेदी केलेली नाही. बरोबर वस्तूंची खरेदी विचाराधीन आहे. माझी बायको शिवणकाम करते. मागच्या खोलीत तिचं मशीन आहे, आणि बाळाच्या आधीच तिच्याकडे एका बँडच्या कोटांचं काम आलं होतं: लाल कापड, सोनेरी फीत, पितळी बटणं. हे काम तिनं स्वतः जाऊन, स्वतःच्या नावावर मिळवलं होतं. चौथ्या क्रमांकावर बाळ. ते कुटुंबात होतं, पण निर्णयप्रक्रियेत सदस्य म्हणून नव्हे, विषय म्हणून.

बायकोनं हा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा बाळ पोटात होतं. "झोळी आत्ताच आणून ठेवू या. नंतर मला दुकानात जायला कुठलं जमतंय," ती म्हणाली. सूचना चांगली होती, पण तिच्यातला मूलभूत दोष आप्पांनी तत्काळ दाखवून दिला.

"अगं, माल अजून आलेला नाही आणि तू पॅकिंग घ्यायला निघालीस? दुकानात माप काय सांगणार?"

मापाशिवाय खरेदी करू नये हे मला नोकरीत अगदी सुरुवातीलाच शिकवलं होतं. विषय पुढे ढकलला.

यथावकाश मुलगी झाली आणि माप मिळालं. मिळाल्यावर लक्षात आलं की ते सारखं बदलतंय. ज्या मालाचं माप स्थिर नाही त्याच्यासाठी काही घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. शिवाय बाळानं अजून मान धरलेली नव्हती. मान धरू दे, मग बघू, असं ठरलं. बायकोनं बाळाच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून चालते की! फक्त नीट बांधा. तोंड दिसत राहिलं पाहिजे, हनुवटी छातीवर टेकता कामा नये." हे वैद्यकीय मत आम्ही आदरपूर्वक ऐकलं. पण 'नीट' म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या त्यांनी केलेली नव्हती. ती आम्ही करायला घेतली. ती पूर्ण होईपर्यंत बाळानं मान धरली, आणि मान धरलेल्या बाळाला आता झोळीची तितकीशी गरज उरली आहे का, असा नवा मुद्दा पुढे आला.

आप्पांचा मुख्य आक्षेप तात्त्विक होता. "दिवसभर अंगाला बांधून ठेवलं तर पोरीला माणसाची सवय लागेल," ते म्हणत. बाळ तेव्हा दिवसभर बायकोच्या डाव्या हातावर असे, कारण खाली ठेवलं की ते घर डोक्यावर घेई. पण ती सवय नैसर्गिक असल्यानं आप्पांची तिला हरकत नव्हती.

दरम्यान मी घरातलं मत आजमावून पाहिलं. पुरुषांपैकी शंभर टक्के पुरुषांना घाई करण्याचं कारण दिसत नव्हतं. स्त्रियांपैकी पन्नास टक्क्यांना झोळी कालच हवी होती. उरलेल्या पन्नास टक्के मत नोंदवण्याच्या वेळी रडत होत्या, म्हणून त्यांना तटस्थ धरलं. बहुमत स्पष्ट होतं.

बायकोनं मधला मार्गही सुचवला. "मीच शिवते ना. कापड आहे घरात, एका संध्याकाळचं काम." आप्पांनी नाक मुरडलं. घरच्या मालाची तपासणी घरच्यानंच करणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. तरीही मी मन मोठं करून परवानगी दिली. पण घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. झोळी शिवायला दोन हात लागतात, आणि तिचे दोन हात मोकळे व्हायला आधी झोळी लागत होती. हा पेच मी तिला समजावून सांगितला. तो तिला माझ्याआधीच समजला होता, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

यामुळे कोटांच्या कामावर थोडा परिणाम झाला. बाळ डुलकी घेई तेवढ्यात बायको मशीनवर बसे. अशा डुलक्यांमध्ये सगळ्या उजव्या बाह्या लागल्या. डाव्या प्रलंबित होत्या. पुढच्या खोलीत दोरीवर एकेका बाहीचे लाल कोट ओळीनं टांगलेले असत आणि वारा आला की सगळे एकाच बाजूनं हात हलवत. मला ते दृश्य उत्साहवर्धक वाटे.

बँडमास्तरांना वाटलं नाही. ते एका सकाळी आले आणि टोपी काढून कोटांसमोर उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "शनिवारी पुलाचं उद्घाटन आहे. एका बाहीनं कसं वाजवायचं? बिगुलवाल्याचं एक वेळ भागेल. झांजवाल्याला दोन हात लागतात हो."

"होतील मास्तर, नक्की होतील," बायको म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर होतं आणि तिच्या ब्लाउजवर ओकलं होतं.

"गुरुवारपर्यंत नाही झाले तर मला दुसरीकडे द्यावे लागतील. मला वाईट वाटतं, तुमचा हात चांगला आहे. पण उघड्या हातांनी बँड उभा नाही करता येत."

ते गेल्यावर बायको कोटांकडे बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला खरोखर वाईट वाटलं, आणि मी कोणतीही दिरंगाई न करता चाचणीला मंजुरी दिली.

चाचणीसाठी बायकोच्या मैत्रिणीची झोळी दोन दिवसांकरता मागून आणली. झोळी प्रत्यक्ष बाळावर वापरून पाहणं आप्पांना मंजूर नव्हतं. "जिवंत मालावर पहिली चाचणी? आमच्या कारखान्यात असलं काही चालत नसे!" म्हणून बाळाचं वजन करून तेवढंच पीठ एका कापडी पिशवीत भरलं. पिशवी झोळीत बसवली. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे तिचं तोंड दिसत राहील याची काळजी घेतली.

चाचणी अत्यंत यशस्वी झाली. मी पीठ घेऊन घरभर फिरलो, जिना चढलो, उतरलो, वाकून चप्पल उचलली. दोन्ही हात मोकळे राहत होते. चहा पिता येत होता, फोनवर इतर झोळ्यांविषयी वाचता येत होतं. संध्याकाळी आप्पा पीठ घेऊन रस्त्यावर एक फेरी मारून आले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं डोकावून विचारलं, "काय, झोपलंय वाटतं?" आप्पा म्हणाले, "स्वभावच शांत आहे." परत आले तेव्हा ते पिशवीला हलकेच थोपटत होते. आम्ही आळीपाळीनं पीठ सांभाळलं. बायको बाळाला डाव्या हातावर घेऊन आमच्यासाठी दारं उघडत होती.

"अरे, ते पीठ खाली ठेव आणि हिला घे की!" ती दुसऱ्या दिवशी ओरडली. तिचा मुद्दा मानवी दृष्टिकोनातून समजण्यासारखा होता, पण अर्ध्यात थांबवलेल्या चाचणीचे निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत. ते मी तिला शांतपणे सांगितलं. त्यावर ती जे म्हणाली त्याचा झोळीच्या गुणवत्तेशी थेट संबंध नव्हता.

निष्कर्ष असे निघाले: पीठ रडत नाही, ओकत नाही, मान टाकत नाही. खांद्याला रग लागत नाही. सर्व बाबतीत झोळी उत्तम. मात्र दुसऱ्या दिवशी आप्पांना शर्टावर पांढरा डाग दिसला, आणि त्यांचा आवाज एकदम कारखान्यातला झाला. "गळती!" पिशवीचा एक कोपरा उसवला होता. गळती पिशवीची, झोळीची नव्हे, असं मी नम्रपणे म्हणून पाहिलं. पण गळतीला क्षमा केल्याचं एकही उदाहरण त्यांच्या कारकिर्दीत नव्हतं. झोळी नापास झाली. मैत्रीण येऊन ती झटकून घेऊन गेली. फेरचाचणी पुढच्या आठवड्यात घ्यावी, आणि पीठ त्याच जातीचं असावं, असं ठरलं.

गुरुवार उजाडला. मी सुट्टी काढली होती, कारण झोळीच्या रंगाचा प्रश्न अनिर्णित होता. (गडद रंग मळ दाखवत नाही, फिका रंग दाखवतो, म्हणजे प्रामाणिक असतो. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे.) आप्पा आणि मी पुढच्या खोलीत कोटांखाली बसून या मुद्द्यावर बोलत होतो. बायको आली, तिनं एकदा माझ्याकडे आणि एकदा आप्पांकडे पाहिलं, आणि बाळ माझ्या हातावर ठेवलं. मग दोरीवरचे सगळे कोट काढून खांद्यावर घेतले.

"दूध पाजलंय, लंगोट बदललाय. मी आता डाव्या बाह्या लावणार," ती म्हणाली. "झोळी कधी घ्यायची ते तुम्ही दोघं निवांत ठरवा."

मागच्या खोलीचं दार लागलं. आतून कडीचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं मशीनचा.

सुरुवात आशादायक होती. मी बाळाला घेऊन बसलो. बसलेलं बाळाला चालत नाही असं निदर्शनास आलं, म्हणून उभा राहिलो. उभं राहिलेलंही चालत नाही, फिरावं लागतं. फिरताना थांबलं की घर डोक्यावर. मी फिरत फिरत फोनवर रंगांविषयी वाचायचा प्रयत्न केला, पण एका हातात फोन धरला की दुसऱ्या हातातून बाळ मागे झुकायचं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळायचं. आप्पांना म्हटलं, "तुम्ही घ्या जरा." आप्पांनी घेतलं. त्यांचा चष्मा नाकावरून घसरू लागला. तो वर करायला हात नव्हता. "चष्मा! अरे, चष्मा!" ते ओरडले. त्यांचा चहा समोर निवून गेला. नाकाला खाज सुटली तर नाक मी खाजवून दिलं. आम्हा बापलेकांमध्ये इतकी जवळीक पूर्वी कधी आली नव्हती.

बाळाचं वजन पिठाइतकंच होतं. मी स्वतः तोललं होतं. तरीही माझं मनगट, मग कोपर, मग खांदा, मग कंबर असा एकेक भाग तक्रार करू लागला. हे वजन वाढतं कसं, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. बायकोनं गेले कित्येक आठवडे हे एका हातावर पेललं होतं, आणि वर आमचा स्वयंपाकही केला होता. मला एकदम तिची फार कीव आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

"कशी वाटते मग झोळी?" मी आप्पांना विचारलं. बाळ तेव्हा त्यांच्या खांद्यावर होतं आणि त्यांचा कान ओढत होतं.

"घे."

"रंगाचं काय करायचं?"

"खड्ड्यात गेला रंग."

"आणि मान? 'नीट'ची व्याख्या? फेरचाचणी?"

"मान माझी गेलीय! धर हिला!" असं म्हणून त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं आणि घरातल्या चपला घालूनच ते बाहेर पडले. आयुष्यभर ज्यांनी एकही नग उलटसुलट करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ दिला नाही, ते आप्पा दुकानातल्या पुतळ्याच्या अंगावरची झोळी काढून घेऊन आले. दुकानदार सांगत होता की ती फक्त दाखवायला आहे, आत नवीन आहेत. आप्पांनी ऐकून घेतलं नाही. ती कुठल्या रंगाची आहे हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

डाव्या बाह्या लागल्या. संध्याकाळी बँडमास्तर आले, एकेक कोट त्यांनी अंगाला लावून पाहिला, दोन्ही हात पसरले, आणि बायकोला म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षीचंही काम तुमच्याकडेच." ती हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला बाळ झाल्यापासून पाहिलं नव्हतं. पुलावर बँड झोकात वाजला. आप्पा सगळ्यात पुढे उभे होते, झोळी बांधून. ती ते अजून कुणाला देत नाहीत, आणि पोरीला माणसाची सवय लागली आहे. आप्पांना पोरीची लागली आहे, पण तो वेगळा विषय.

एवढ्या अभ्यासातून जो नियम हाती आला तो मी आता विचारायला येणाऱ्या प्रत्येक नव्या बापाला मोफत सांगतो. झोळी घेण्याची योग्य वेळ बाळाच्या वयावर, वजनावर किंवा मानेवर अवलंबून नसते. बाळ ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे निर्णय असेल, ती योग्य वेळ. हे लोक मान डोलावतात, टिपून घेतात, आणि आणखी थोडी माहिती काढून मग ठरवू म्हणतात. मी त्यांना आग्रह करत नाही, कारण घाई वाईटच.

तुम्हालाही करणार नाही. इथपर्यंत तुम्ही निवांत वाचत आलात, मध्ये कुणी रडलं नाही, पान उलटायला हात अडला नाही. याचा अर्थ तुमच्याकडे अजून ती वेळ आलेली नाही. आतल्या खोलीत कुणाच्या हातावर बाळ असेल, तर तिथे ती आली आहे का, ते विचारून घ्या.