दीपगृह तेराचा एकमेव साक्षीदार

लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यातली तेरा वर्षं मॉरीन दर शनिवारी एकच वाक्य बोलत आली होती, "क्लाइव्ह, माळा." आणि दर शनिवारी क्लाइव्ह ऑलरॉइडचं एकच उत्तर असे, "पुढच्या शनिवारी." पण मार्चमधल्या त्या शनिवारी चॅपेलमध्ये जुन्या वस्तूंची विक्री होती, टीव्हीवर बघण्यासारखं काही नव्हतं आणि बाहेर गारा पडत होत्या. तो म्हणाला, "बरं, आवरतो." बस्स, एवढंच. माणसाची अब्रू जायला याहून जास्त काही लागत नाही.

आमच्या ड्यूजबरीत क्लाइव्हला कोण ओळखतं म्हणाल, तर ज्यांच्या दारासमोरचा दिवा गेलाय ते. नगरपालिकेत रस्त्यावरच्या बंद दिव्यांच्या तक्रारी वहीत उतरवून घेण्याचं काम तो वीस वर्षं करत होता. (उतरवून घेण्याचं. दिवा लावणं दुसऱ्या खात्याकडे.) घरी मॉरीन ऐकायची नाही, ऑफिसात कुणी विचारायचं नाही. पण ड्यूजबरीच्या बाहेर, देशभरातल्या सहाशे घरांत, त्याचं नाव निघालं की माणसं सावरून बसत.

ही सहाशे घरं 'दीपगृह तेरा'च्या चाहत्यांच्या मंडळाची. एकसष्ट साली टीव्हीवर सुरू झालेली ही मालिका शहाण्णव उजाडलं तरी संपायचं नाव घेत नव्हती. अंतराळात एक दीपगृह, त्यात एक रखवालदार आणि दर आठवड्याला त्याचा दिवा विझवायला येणारं काहीतरी. बहुतेक वेळा स्लॉर्ग. (गरम पाण्याच्या रबरी पिशव्या हिरव्या रंगवून एकमेकींना चिकटवल्या की स्लॉर्ग तयार होतो. सांगितलं म्हणून हसाल, पण सहासष्ट साली हसला असतात का ते सांगा.) या मालिकेची बित्तंबातमी देणारं 'झोत' नावाचं झेरॉक्स पत्रक क्लाइव्ह दर दोन महिन्यांनी काढायचा. पण त्याचा मान पत्रकामुळे नव्हता.

त्याचं असं झालं होतं की सहासष्ट सालच्या 'भरती' या कथेचा चौथा भाग टीव्ही कंपनीने पुसून टाकला होता आणि त्याच टेपवर घोड्यांच्या शर्यती भरल्या होत्या. नेमका हाच तो भाग, ज्यात पहिला रखवालदार मरतो. तो ज्यांनी पाहिला त्यांना आठवत नव्हता आणि ज्यांना जाणून घ्यायचा होता ते तेव्हा जन्मले नव्हते. अख्ख्या मंडळात तो भाग पाहिलेला आणि लख्ख आठवणारा माणूस एकच, क्लाइव्ह, तेव्हा वय वर्षं नऊ. मेळाव्यात त्याच्या छातीवर जो बिल्ला असे त्यावर नाव नसे, नुसतं 'साक्षीदार' असे.

अठ्ठ्याहत्तर साली त्याने आपली आठवण पहिल्यांदा लिहिली तेव्हा ती दोन पानांची होती. ब्याण्णवपर्यंत चाळीस पानं झाली. दरवर्षी त्याला आणखी आणखी स्पष्ट आठवत गेलं. दोनशे बारा पायऱ्यांच्या गोल जिन्यावरची झुंज, रखवालदाराचा फाटलेला कोट आणि शेवटी दिव्याला पाठ टेकून त्याने काढलेले ते उद्गार, "दिवा मालवू नका. मी अजून इथंच आहे."

ते वाक्य मंडळाचं ब्रीद झालं होतं. मगांवर होतं, मफलरींवर होतं. कुणीही ते उच्चारलं की सदस्यांनी उभं राहायचं असा नियमच होता. आणि क्रॉयडनचा सिरिल टॉम्पसेट, जो क्लाइव्हच्या चाळीस पानांवर गेली बारा वर्षं जाहीरपणे शंका काढत होता, त्यानेसुद्धा आपल्या लाडक्या कुत्र्याच्या, बारनबीच्या, थडग्यावर ते कोरून घेतलं होतं. (थडग्यावर ते जरा वेगळंच वाचलं जातं, पण त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं.)

तर त्या शनिवारी, गुंडाळून ठेवलेल्या नाताळच्या झाडाखाली, आईच्या जुन्या घरून आलेल्या एका खोक्यात, क्लाइव्हला टेपचं एक रीळ सापडलं. वर त्याचंच, नवव्या वर्षीचं, वाकडंतिकडं अक्षर, 'दीपगृह १३. भरती. भाग ४. हात लावाल तर बघा.'

तो माळ्यावरच मटकन खाली बसला. विल्फकाकाचा टेपरेकॉर्डर एका दिवसासाठी आणला होता, टीव्हीसमोर माइक ठेवला होता, दुसऱ्या दिवशी काका मशीन घेऊन गेला, मग ते रीळ वाजवणार कशावर आणि कोण? तीस वर्षं त्याला वाटत होतं, आईने ते फेकलं.

"मॉरीन!" तो शिडीवरून जवळजवळ पडतच खाली आला. "फोन! बाजूला हो!"

"कुणाला लागलं?"

"भाग चार सापडला! सगळा! आवाज!"

"अरे, मग आधी ऐकून तरी बघ."

"ऐकायचं काय त्यात? मी तिथं होतो."

मंडळाची फोनची साखळी होती. मोठी बातमी आली की प्रत्येकाने पुढच्या तिघांना कळवायचं. क्लाइव्हने तिघांना कळवलं. चहाचं पाणी उकळेपर्यंत बातमी पार उत्तरेच्या टोकाला, अबर्डीनला पोचली होती, आणि तो पहिला घोट घेतोय तोच क्रॉयडनहून फोन आला.

"ऑलरॉइड," सिरिल म्हणाला, "तुझ्याकडे रिळांचं मशीन आहे?"

"नाही."

"माझ्याकडे आहे. उद्या दुपारी घेऊन येतो. एकट्याने ऐकायचं नाही, साक्षीदार हवेत." मग त्याने पुस्ती जोडली, "म्हणजे तुझ्याशिवाय दुसरे."

रविवारी दुपारी दोनपर्यंत क्लाइव्हच्या दिवाणखान्यात बावीस माणसं कोंबली गेली. सिरिल मशीन पुढच्या सीटवर पट्टा बांधून आणि बायकोला मागे बसवून आला. चॅपेलमधून खुर्च्या आल्या. मॉरीनने हॅमची सँडविचं केली, संपली, पुन्हा केली. आणि कोपऱ्यात, नेहमीच्या खुर्चीत, क्लाइव्हची आई हिल्डाबाई विणत बसल्या होत्या. त्या दर रविवारी जेवायला यायच्या. बावीस माणसं आली म्हणून आपलं जेवण का चुकवायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

क्लाइव्हने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि छातीवर बिल्ला. चाळीस पानांच्या प्रती त्याने सगळ्यांना वाटल्या. "सोबत वाचत राहा," तो म्हणाला, "म्हणजे हरवायला होणार नाही." आनंदाने त्याचे कान लाल झाले होते. खरं सांगायचं तर आयुष्यात तो इतका सुखी कधी झाला नव्हता. लग्नातसुद्धा नाही, आणि हे मॉरीनलाही माहीत होतं.

सिरिलने पांढरे हातमोजे घालून रीळ चढवलं आणि बटण दाबलं.

खरखर झाली. मग एका पोराचा आवाज आला, "एक, दोन, तीन. आता कुणी बोलायचं नाही. आई, तू पण नाही."

"मी कुठं बोलतेय?" टेपवरची आई म्हणाली.

खोलीत प्रेमळ हशा पिकला. क्लाइव्हने मान लववून त्याचा स्वीकार केला. मग भोंगा वाजला, मालिकेचं संगीत आलं, आणि मागच्या रांगेतल्या दोघांनी डोळे पुसले. पहिली तीन मिनिटं रखवालदार वायरलेसवर बोलत होता. मग जिन्यावर ओल्या पावलांचा आवाज आला. पच्. पच्. पच्.

आणि टेपवर अशी किंकाळी फुटली की मॉरीनच्या हातातली ताटली कलंडली. स्टूल पडलं, पावलं धावली, दार धाडकन आपटलं.

"अरे क्लाइव्ह," टेपवर आई म्हणाली, "तो राक्षस नाहीये. दीपगृहाचा पाववाला आहे. रेनकोट घातलाय त्याने."

बावीस माणसांच्या हातात चाळीस चाळीस पानं होती आणि सगळी अजून पहिल्याच पानावर होती.

"दार... दार कुठलं होतं ते?" सिरिलने हळूच विचारलं.

"पॅसेजमधल्या, जिन्याखालच्या कपाटाचं," कोपऱ्यातून हिल्डाबाई विणता विणता म्हणाल्या. "दर शनिवारी तिथंच जायचा. आम्ही त्यात उशी ठेवली होती त्याच्यासाठी."

"आई!" क्लाइव्ह म्हणाला.

"काय आई? चांगली मऊ उशी होती."

टेप पुढे चालली होती. आता त्यात रखवालदाराचा आवाज होता, सुयांचा टकटक आवाज होता (तोच, जो कोपऱ्यातूनही येत होता) आणि कपाटातल्या पोराला सगळं कळावं म्हणून मोठ्याने सांगणारी आई होती. "आता पाववाला गेला. आता रखवालदार खुर्चीत बसलाय. अजून बसलाय. आता कोट काढला, खुंटीला लावला. नीट लावला हं, तुझ्यासारखा फेकला नाही. आता हिरवं काहीतरी आलंय. आलंय आणि दारातच उभं आहे. बिचाऱ्याला जिना चढता येत नाहीये."

"थांबवा!" लीड्सची एक शिक्षिका ओरडली आणि तिने पर्समधून वही काढली. "अहो, हे तर चित्रासकट आहे! आवाज नुसता मिळाला असता, इथं दिसतंय काय तेही मिळतंय! काकू, खुंटी डावीकडे होती की उजवीकडे?"

"डावीकडे. आमच्यासारखीच."

बावीस जण एकदम लिहायला लागले. कागद कुठला, तर क्लाइव्हच्या चाळीस पानांची मागची कोरी बाजू. गोल जिन्यावरची झुंज झालीच नाही. जिना सात पायऱ्यांचा निघाला. कोट अखेरपर्यंत खुंटीवर होता, धड. क्लाइव्ह मशीनजवळ उभा होता, आणि त्याला राहून राहून वाटत होतं की कुणीतरी निदान एकदा आपल्याकडे बघावं. कुणी बघितलं नाही. सिरिलने खुर्ची उचलून हिल्डाबाईंच्या शेजारी नेली होती आणि त्यांच्या लोकरीचा गुंडा हातात धरला होता.

शेवटी तो क्षण आला. टेपवर वारा घोंगावत होता. रखवालदार धापा टाकत होता. "आता दिव्याला पाठ टेकवून बसला," आई म्हणाली, आणि क्लाइव्हने डोळे मिटून घेतले. पाठ टेकवली होती! निदान पाठ तरी! आणि आता ते वाक्य. ते वाक्य आलं की सगळं माफ होतं.

रखवालदाराने श्वास घेतला. "सांगा त्यांना," तो खोल आवाजात म्हणाला, "की..."

"अगंबाई, तिकडचा दिवा कुणी चालू ठेवला?" आईच्या चपला फटक फटक करत लांब गेल्या. बटणाचा खटका वाजला.

आणि घराच्या पार आतून नऊ वर्षांच्या पोराने गळा काढला, "आईऽऽ! दिवा मालवू नकोस! मी अजून इथंच आहे!"

मग संगीत. मग रीळ संपलं आणि त्याचं टोक फटफट फिरत राहिलं. मशीन बंद करायचं कुणाला सुचेना.

सवयीने तिघे जण उभे राहिले होते. ते हळूच खाली बसले.

"काकू," सिरिल कसाबसा म्हणाला. "त्यापुढे... तो रखवालदार काय म्हणाला हो शेवटी? तुम्ही तर बघत होता."

"मला काय ठाऊक? मी पॅसेजमध्ये नव्हते का, दिवा बघायला?"

"म्हणजे ते कायमचंच गेलं," सिरिल म्हणाला.

"आपला बारनबी," सिरिलची बायको त्याला म्हणाली, "दगड परत करून घ्यावा लागणार का रे?"

आता क्लाइव्ह काहीतरी बोलेल म्हणून सगळ्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. मघापासून त्याला हेच हवं होतं, आणि आता मिळाल्यावर त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बोलायचं काय? तो खोटं बोलला नव्हता. त्याला खरोखरच आठवत होतं, शपथेवर आठवत होतं. तो कोट, त्या पायऱ्या, आणि अंधारात कुणीतरी म्हटलेलं ते वाक्य. अंधार होता खरा. कोण म्हणालं एवढंच काय ते चुकलं होतं.

"आणखी एक रीळ असेल वर," तो म्हणाला. "बघून येतो."

वर रीळ नव्हतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तो शिडी चढला आणि नाताळच्या झाडाशेजारी जाऊन बसला. बिल्ला काढला. ठेवायला जागा सापडेना म्हणून परत लावला. उद्या साखळी फिरेल. तिघे, मग नऊ, मग सत्तावीस, मग अबर्डीन. परवापासून तो जिथे तिथे बंद दिव्यांच्या तक्रारी उतरवणारा कारकून असेल, ड्यूजबरीतही आणि ड्यूजबरीबाहेरही. त्याला रडू आलं नाही, पण यायचं फारसं बाकीही राहिलं नव्हतं.

खालून चर्चा ऐकू येत होती. पुढच्या मेळाव्याला हिल्डाबाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलवायचं यावर एकमत झालं होतं. हिल्डाबाई विचारत होत्या, जेवण गरम असतं का? सिरिल म्हणत होता, मी स्वतः गाडीने न्यायला येईन. मशीन मागच्या सीटवर ठेवीन.

"आणि ब्रीदाचं काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

त्याच वेळी मॉरीन जादा काढलेल्या ताटल्या परत ठेवायला वरच्या मजल्यावर आली. माळ्याचं बटण तिथं, शिडीशेजारी. शिडी तशीच लागलेली, वर दिवा जळतोय, चाहूल कुणाची नाही. "हा माणूस एक दिवस तरी दिवा बंद करील तर शपथ," असं म्हणून तिने बटण दाबलं.

माळ्यावर मिट्ट काळोख झाला. झाडाच्या मागे काहीतरी गुरगुरलं. (पाण्याच्या टाकीचा नळ होता तो. तेव्हा निदान पाववाला तरी होता, हा तोही नव्हता.)

"मॉरीन!" क्लाइव्ह जीव खाऊन ओरडला. "दिवा मालवू नकोस! मी अजून इथंच आहे!"

खाली दिवाणखान्यात बावीस खुर्च्या एकदम मागे सरकल्या. सगळे उभे राहिले, सिरिल हात छातीशी धरून. इतक्या वर्षांत ते वाक्य इतक्या मनापासून म्हटलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

हिल्डाबाई तेवढ्या बसून होत्या. त्यांनी ओळ संपवली, सुई बदलली आणि वर तोंड करून हाक मारली,

"लाव गं बाई त्याचा दिवा, मॉरीन. आणि एक उशी नेऊन दे."