पीयूसीच्या वाटेवरची सवारी

“माझ्या स्कूटरला धूर? अरे, तिच्या धुराची वाफ घेतलीस तर तुझी सर्दी पळेल!” आप्पांनी चिरंजीवांना ठणकावलं.

चिरंजीव शिंकले. मग शांतपणे म्हणाले, “मग आणा आज पीयूसी. पास झाली तर राहील दारात. नापास झाली तर उद्या भंगारवाला येतोय. सांगून ठेवलंय त्याला.”

बायको गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून स्कूटर जिन्याखाली होती आणि तिच्या सीटवर एका मांजरीनं कायमचा ताबा मिळवला होता. मेकॅनिकनं बऱ्याच लाथा घालून गाडी चालू करून दिली, पण बजावलं, “काका, थंड इंजिन धूर ओकतं. आधी लांब फिरवा, गरम करा, मग न्या. आणि मध्ये बंद करू नका. परत चालू होईल याची हमी माझ्या बापालाही देता येणार नाही!”

लांब म्हणजे कुठे, हे आप्पांना ठरवावंच लागलं नाही. गाडी आपली नेहमीच्या वाटेनं निघाली आणि शाळेच्या फाटकाशी येऊन थांबली. बायको इथेच शिकवायची. आप्पा रोज इथेच, असेच, एक पाय टेकून, समोर बघत उभे राहायचे. वळून बघायची पद्धत नव्हती. दुसरं हेल्मेट हुकावरून निघालं, सीट खचली, खांद्यावर दोन बोटं टेकली, की निघायचं.

शाळा सुटली. हेल्मेट निघालं. सीट खचली. खांद्यावर दोन बोटं टेकली.

आप्पा निघाले!

बायको नाही, हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं. पण त्यांच्या हाताला, क्लचला आणि गिअरला ते कुणी कळवलंच नव्हतं!

“उशीर झाला आज,” आप्पांच्या तोंडून निघून गेलं.

“मीटिंग होती हो,” मागच्या हेल्मेटमधून आवाज आला.

इतकी वर्षं हेच उत्तर! आप्पांनी आरशात बघायचं नाही असं ठरवलं. गाडी इतकी हळू केली, की एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला आणि वर हसलाही.

“काका, जरा जोरात घ्या ना!”

बायकोचा उभ्या संसारात एकच शब्द होता, ‘हळू!’

तेवढ्यात मागे मोबाइल वाजला. “अहो, फाटकाशी कसले उभे राहताय? मी तुमच्याच गाडीवर बसलेय!... नाही?... मग ही कुणाची गाडी आहे?”

आणि किंकाळी फुटली!

आप्पांनी करकचून ब्रेक दाबला, तो नेमका पीयूसी केंद्रासमोर. मागून एक तरुण शिक्षिका उतरली. रांगेतले सगळे माना वळवून बघू लागले.

“मी मोबाइलवरून भाड्याची दुचाकी बोलावली होती. मला वाटलं, हीच! पण तुम्ही कसे निघालात? कुणाची वाट बघत होतात?”

“बायकोची,” आप्पा म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात.

“अगं बाई! म्हणजे काकू तिथेच राहिल्या?”

आप्पांनी खुलासा करायला तोंड उघडलं. पण रांग पेटली होती.

“बायको सोडून भलतीलाच घेऊन आले?” टेम्पोवाला ओरडला.

“वळून बघायला काय मान दुखते का?”

“आमच्या हिनं मला आठवडाभर जिन्यात झोपवलं असतं!”

मशीनवाला तर खुर्चीवरून उठलाच. “काकूंना रस्त्यात ताटकळत ठेवून तुम्ही इथे नंबर लावणार? शोभतं का या वयात? आणा, आधी तुमची गाडी आणा!”

आप्पांनी पुन्हा तोंड उघडलं. आणि मिटलं. बायकोवरून बोलणी खाऊन चार वर्षं झाली होती! ते मान खाली घालून, एकेक शब्द चघळत, सगळं ऐकत राहिले.

सायलेन्सरमध्ये नळी गेली. “रेस द्या!” आप्पांनी दिली. स्कूटर खोकली, थरथरली, मांजरीचे केस चौफेर उधळले, आणि सगळी रांग पडद्यावरच्या आकड्यांकडे डोळे लावून बसली.

“पास!” मशीनवाल्यानं कागद आप्पांच्या खिशात कोंबला. “आता पळा! आधी माफी मागा, कारणं नंतर!”

“चूक माझी होती म्हणून सांगा काकूंना,” शिक्षिका काकुळतीला येऊन म्हणाली.

एवढ्या लोकांनी पाठवल्यावर जायला नको? आप्पा गेले. फाटकाला कुलूप लागलं होतं. ते पाय टेकून, समोर बघत उभे राहिले. बराच वेळ सीट काही खचली नाही.

परतीची वाट केंद्रावरूनच होती. मशीनवाला शटर ओढत होता. आप्पांच्या मागे कुणी नाही हे बघून तो रस्त्यात आला. “काकू कुठेत?”

“रिक्षानं गेली!” आप्पा न थांबता ओरडले. “चिडून!”

“चिडणारच! भोगा आता!”

घरी गेल्यावर आज काय काय ऐकून घ्यावं लागणार, या विचारानं आप्पा पुढच्या वळणापर्यंत मनापासून धास्तावलेले होते.

वळण जरा लवकरच आलं.