डोमाजीभाऊंची वीणा

डोमाजीभाऊंसमोर रिकाम्या हातानं उभं राहू नये, हे आमच्या गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. सप्ताहात तर नाहीच नाही. भाऊ आधी स्वतःची वीणा काढून तुमच्या गळ्यात घालत आणि मगच म्हणत, "पकड गा जरासक, पानी पिऊन येतो." जे जात, ते आंघोळ, जेवण, डुलकी आणि सावली गावच्या बाजारात बैलाचा भाव विचारूनच परत येत. तोवर तुम्ही उभे. सप्ताहाची वीणा खाली टेकवायची नाही, नाम तुटू द्यायचं नाही आणि पुढचा माणूस येईपर्यंत हलायचं नाही, असा नियम.

एकदा एस.टी.चा कंडक्टर देवळात पाणी प्यायला आला अन् सापडला. बस उभी. कंटाळून प्रवासी उतरले, ड्रायव्हरनं टाळ उचलले. मूल गावी पोचेपर्यंत अर्ध्या बसनं कांदा सोडला होता. खोटं वाटत असेल तर त्या कंडक्टरलाच विचारा. तो आता कीर्तनं करतो.

ही लबाडी करायची पाळी आली, कारण वीणेच्या पहाऱ्याला तरुण पोरं येईनाशी झाली होती. म्हातारे राइसमिलवाल्याच्या नव्या टीव्हीला शिव्या देत. भाऊंचा प्रकाश चंद्रपूरला कॉलेज करून आलेला. तो मला म्हणाला, "काका, टीव्हीचं नाव फुकटचं. देवळात गेलो का कोनी केसाले बोलते, कोनी पँटीले. कोनाच्या घरी चहा पेलो, तेही विचारते. देवाले भेटाले जागाच कुठी हाय? अन् खरं सांगू? मी मानतच नाई."

आता गंमत बघा. वाघ आडवा आला तरी त्याच्या गळ्यात वीणा घालतील असे हे भाऊ, पण प्रकाश दिसला की वीणेसकट खांबाआड होत!

"घरचं पोरगं सोडून अख्ख्या दुनियेले काऊन पकडता भाऊ?" एकदा विहिरीवर मी छेडलं.

"दुनिया नाई म्हनते त मी हासतो गा," भाऊ म्हणाले. "तो नाई म्हनला त?"

आणि बादली विहिरीत सोडली.

त्या वर्षी सप्ताहाच्या शेवटच्या दुपारी क्रिकेटचा सामना होता. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी आपला पहारा संपवून देवळातच आडवा, कंबर कामातून गेलेली. सकाळपासून भाऊ उभे. पाय सुजून भोपळे.

प्रकाश डबा घेऊन आला. पायांकडे बघितलं.

"आना इकडे. पन मी नाम घेनार नाई, आधीच सांगतो."

भाऊ नाम घेतच राहिले, नुसती मान हलवली. वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि रिवाजाप्रमाणे वीणेकऱ्याच्या पाया पडायला वाकले.

"बाबा, हे काय करून राह्यले!" प्रकाश मागं सरकला. भाऊ तरी पडलेच.

भाऊ कुठंच गेले नाहीत. पोराच्या समोर फरशीवर बसले. प्रकाश तोंड मिटून तार छेडत होता आणि त्याच्या वाटचं नाम भाऊ खालून हळूहळू घेत होते. डबा तसाच.

बऱ्याच वेळानं भाऊ थांबले.

"पट्टा खांद्याले रुतत असन. ढिला कर."

सबंध सप्ताहात नाम तेवढं एकदाच तुटलं. मी डोळे मिटून पडून राहिलो.