हिंगणघाटपर्यंतचं एक्स्टेन्शन

मिलिंद रामटेके माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतो. आधी बघतो ते त्याच्या ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्याकडे. आमच्या ऑफिसात नवीन कुणी आलं की हा त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि जुने डॉक्टर जीभ बघून "पोट साफ नाही" म्हणायचे तसं म्हणतो, "आपण कूपन शोधणारं काहीतरी बसवलेलं दिसतंय. ते आपल्यावर नजर ठेवतं. आपली परवानगी असल्यास काढून टाकतो."

समोरच्या बिचाऱ्याने अजून स्वतःचं नावही सांगितलेलं नसतं.

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटंसं जादा अवजार. कुणी जाहिराती अडवतं, कुणी पासवर्ड सांभाळतं, कुणी पानातली प्रत्येक चौकट रंगवून दाखवतं, म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्याला आपलं कुठे बिघडलंय ते कळतं. तुम्ही-आम्ही अशी दोन-तीन ठेवतो. मिलिंद पाळतो. नको ती घरात घेत नाही, हवं ते मिळालं नाही तर स्वतः लिहितो.

मी वृंदा, त्याच्या शेजारच्या खुर्चीवरची टेस्टर. लोकांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते. त्यामुळे मिलिंदचं कौतुक माझ्या तोंडून बाहेर पडतंय म्हणजे ते खरंच आहे असं समजा.

एकदा भाचीच्या लग्नासाठी मी इंटरनेटवर एक पैठणी बघितली. नुसती बघितली हो! ती पैठणी माझ्या मागेच लागली. बातम्या उघडल्या, पैठणी. पंचांग उघडलं, पैठणी. गुडघेदुखीवर काय करावं हे वाचायला गेले तर तिथेही मोरांसकट हजर. मिलिंदने एक एक्स्टेन्शन बसवलं आणि गंभीरपणे म्हणाला, "वृंदाताई, या एका पानावर आपल्या मागावर एकवीस जण आहेत." या वयात माझ्या मागावर कुणी आहे हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण पैठणी गेली ती गेलीच.

आमच्या मॅनेजरांनी त्याला सांगितलं, "कामाच्या वेळेत मला शेअर बाजार दिसता कामा नये, असं काहीतरी बसव. मी स्वतः सांगितलं तरी काढू नकोस." बसवलं. दुपारी बाजार गडगडला आणि साहेब धावत आले, "काढ रे, काढ!" मिलिंद उठून उभा राहिला. "सर, आपण आलात तर आपलं ऐकू नये, अशी आपलीच सूचना आहे." नोकरी कशी टिकली त्याचं त्यालाच ठाऊक.

आणि हे सगळं असल्या मराठीत! पुण्यात जन्म गेला माझा, पण बोलताना "आपली परवानगी असल्यास" माझ्या तोंडून कधी निघालं नाही. मिलिंद मूळचा हिंगणघाटचा. एकदा चहा पिताना मी विचारलं, "तुझ्या बोलण्यात तिकडचं काहीच कसं येत नाही रे?" तेव्हा कळलं, की पुण्यातल्या पहिल्या नोकरीत, पहिल्याच मीटिंगमध्ये तो म्हणाला होता, "मी ते काम करून राहिलो." म्हणजे, करतो आहे. तिथल्या मंडळींनी पुढे त्याला "ए करून राहिलो" अशीच हाक मारायला सुरुवात केली. हे त्याने हसत हसत सांगितलं. मला मात्र त्या मंडळींचे पत्ते हवे होते.

"मग मी ते काढून टाकलं," मिलिंद म्हणाला. एक्स्टेन्शन काढावं तसं.

आता मुख्य गोष्ट. मिलिंदची आई हिंगणघाटला एकटी राहायची. वडील गेल्यापासून तिने खडकीला आपल्याकडे कायमचं यावं म्हणून हा जीव टाकत होता. एकदा आलीही. स्वयंपाक करता करता नातीला, यशूला म्हणाली, "पोरी, सांबार आण वं जरासा." यशू तेव्हा तिसरीत. गेली आणि सांबार मसाल्याचं पाकीट घेऊन आली. तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्या पोरीला कुठून माहीत असणार? तिने मैत्रिणींसमोर सांगितलं, "आमच्या आजीला कोथिंबिरीला काय म्हणतात तेपण येत नाही. आजी चुकीचं बोलते." आजीने ते ऐकलं. तेव्हापासून नुसती मुंडी हलवून हो-नाही करायला लागली आणि आठवड्याभरात "घर उघडं पडलं" म्हणून परत गेली. त्यानंतर फोनवर मुलाशी बोलायची, नातीशी नाही. "तिले माह्यं समजत नाही. कायले तिले तरास?" असं म्हणून ठेवून द्यायची.

दुसऱ्या कुणी मुलीला समोर बसवून चार गोष्टी सांगितल्या असत्या. मिलिंदने एक्स्टेन्शन लिहिलं.

त्या एक्स्टेन्शनचा चमत्कार असा, की इंटरनेटवरचं कुठलंही मराठी पान त्याच्या आईच्या बोलीत बदलून दिसायचं. वर एक सरकपट्टी. डाव्या टोकाला पुणे, उजव्या टोकाला हिंगणघाट, आणि मध्ये रेल्वेची स्टेशनं! पट्टी मनमाडला नेली की बटाट्याचा आलू व्हायचा. भुसावळला टोमॅटोची भेदरं आणि कोथिंबिरीचा सांबार. अकोल्याला "मला-तुला"चं "मले-तुले". बडनेऱ्याला क्रियापदं गाडीत चढायची आणि हिंगणघाटला मंत्रीसुद्धा म्हणायचे, "आम्ही विचार करून राहिलो."

शब्द गोळा करायला तो रोज जेवणाच्या सुट्टीत आईला फोन करायचा. "आई, शेंगदाण्यांना आपण काय म्हणतो?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू यायचा, "फल्लीदाणे. तुले माहीत नाही काय बाप्पा? तब्येत बरी आहे ना तुही?"

मग मार्केट यार्डचं प्रकरण झालं. तिथल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्यांची वेबसाइट आम्ही बनवत होतो. त्यात मराठी पाककृतीही होत्या. शेठ स्वतः बघायला आले. मिलिंदने आपला लॅपटॉप लावला, आणि पट्टी पुण्याला आणायची विसरला. नशीब, भुसावळलाच होती! पडद्यावर पाककृती आली: आलू उकडून घ्यावेत, भेदरं चिरावीत, वरून भरपूर सांबार पेरावा.

शेठ पुढे सरकले. "पुढची दाखवा." पोहे, वरून सांबार. "पुढची." मठ्ठा, त्यातही सांबार! शेठनी टेबलावर थाप मारली. "वा! आमचा सांबार मसाला गोदामात पडून आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं हो? प्रत्येक पदार्थात घातलात! याला म्हणतात मार्केटिंग!"

आमचे मॅनेजर खाकरले आणि म्हणाले, "आमचा तसा विचारच होता."

संध्याकाळी शेठचा घरून फोन. "अहो, आमचा सांबार गेला कुठे? इथे नुसती कोथिंबीर दिसतेय. आम्ही काय कोथिंबीर विकतो?" दुसऱ्या दिवशी मिलिंद स्वतः मार्केट यार्डात जाऊन सगळं खरं सांगून आला. शेठ हसले म्हणे. मॅनेजर हसले नाहीत. ऑफिसच्या लॅपटॉपवरून ते एक्स्टेन्शन त्याच दिवशी गेलं.

घरच्या कॉम्प्युटरवर होतंच. यशू शाळेचे प्रकल्प त्यावर करायची आणि मिलिंद तिच्या नकळत पट्टी एकेक स्टेशन पुढे सरकवत होता. "काल ती म्हणाली, बाबा, इंटरनेटवर टोमॅटोला भेदरं लिहिलंय. मी म्हटलं, मग तसंच म्हणत असतील." सांगताना भलताच खूश होता.

माझी सटकली. "मिलिंद, गावभर परवानगी विचारत फिरतोस आणि पोटच्या पोरीचं इंटरनेट तिला न सांगता बदलतोस? जाहिरातवाले वेगळं काय करतात रे?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. माझ्या बोलण्याला धार जास्त आहे हे मला माहीत आहे, पण खरं ते खरं. त्या दिवशी तो घरी लवकर गेला.

त्याने यशूला सगळं सांगितलं. सांबारचं, आजीचं, ती का गेली तेही. यशू रडली थोडी. मग नाक पुसून तिने माऊस हातात घेतला आणि पट्टी एका दमात थेट हिंगणघाटला नेऊन आदळली. पानभर वाचून इतकी हसली, की खालच्या मजल्यावरचे विचारायला आले. पण हे हसणं वेगळं होतं हो. तिला एक वाक्य चुकीचं वाटलं. बाबांना विचारलं, बाबांना खात्री नव्हती. तेव्हा तिने आजीलाच फोन लावला आणि आजीने ठेवून द्यायच्या आत वाचूनही टाकलं. "आजी, हे बरोबर आहे का गं?"

पलीकडून आवाज आला, "नाही वं पोरी. असं कोणी म्हणते काय? कोनं लिवलं हे?"

"बाबांनी."

"त्याले काय येते!"

झालं! आजी हिंगणघाटच्या टेस्टर झाल्या. रोज फोन, रोज चुका. मिलिंद सकाळी ऑफिसात येऊन मला सांगायचा, "काल दोघींनी मिळून माझ्या अकरा चुका काढल्या," आणि शाबासकी मिळाल्यासारखा इतका हसायचा, की मलाच त्या आजींना भेटायची घाई झाली.

मे महिन्याच्या सुट्टीत त्या आल्या. "चार दिवसांसाठी" असं बजावून आल्या. रविवारी मिलिंदने मला खडकीला जेवायला बोलावलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पाट मांडून बसलेल्या ठेंगण्या आजी, आणि त्यांना चिकटून यशू. दोघींच्या गप्पा काय रंगल्या होत्या! "आजी, तू लहानपणी शाळेत काऊन नाही जाऊन राहिली होती?" "जाऊन राहिली होती वं, पण रस्त्यात बोरं लागे." मला निम्मं समजत होतं आणि पूर्ण आवडत होतं.

मिलिंद वाढत होता. सगळ्यांची पानं भरली तरी त्याच्या जिवात जीव नव्हता. चार दिवस संपत आले होते आणि 'राहतेस का' हे विचारायचं कुणी हा प्रश्न होता. शेवटी डाव हातात धरून तो म्हणाला, "आई..." थांबला. त्याला बहुधा आज आईच्याच बोलीत विचारायचं होतं. "आई, तुझं परतीचं तिकीट... कधीचं काढून राहू?"

यशू खो-खो हसली. "बाबा! 'काढून राहू' नसते म्हणत! 'कधीचं काढू' म्हणते!"

मिलिंदही हसला, पण कान लाल झाले. शेकड्यांनी शब्द जमवले होते त्याने. सगळे कॉम्प्युटरात होते. तोंडात एकही धड येत नव्हता. इतकी वर्षं हा माणूस स्वतःच्या आईशी दुसऱ्यांच्या भाषेत बोलत आला होता, आणि मला ते आत्ता दिसलं.

आजींनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या हातातला डाव काढून घेतला आणि त्याला हाताला धरून पानावर बसवलं.

"कायचं तिकीट काढतं बाप्पा?" त्या म्हणाल्या. "तुले पयलेपासून शिकवा लागते आता. मी आहो न इथं. जेव."