केळं चावून खाण्याबाबत

अवधूत सबनीस बंगळुरात बनशंकरीला राहत होता आणि होसकोट्याच्या बाजूच्या एका कंपनीत नोकरीला होता. म्हणजे त्याचं खरं वास्तव्य या दोन ठिकाणांच्या मधे, कंपनीच्या बसमध्ये होतं. जाताना दोन तास, येताना सव्वादोन. चार वर्षांची शलाका आपल्या या बापाला शनिवार-रविवारी येणारे पाहुणे समजून वाकून नमस्कार करायची. त्यामुळे महिनाभर रोज पंचवीस ग्रॅमच्या आत साखर खाणाऱ्याला दर शुक्रवारी घरून काम करता येईल, असं कंपनीने जाहीर केलं तेव्हा त्याला अगदी भरून आलं. चहा तो बिनसाखरेचा प्यायचा, मिठाईला शिवत नव्हता. शुक्रवार आपलाच, असं बायकोला सांगून तो मोकळा झाला.

खाल्लेलं सगळं कंपनीच्या ॲपवर नोंदवायचं होतं. पहिल्या दिवशी अवधूतने दोन वेलची केळी, पेलाभर दूध, दहीभात आणि गाजराची कोशिंबीर इमानदारीने लिहिली. दुपारी दोनलाच ॲप लाल झालं. साखर अडतीस ग्रॅम. शेजारच्या टेबलावरच्या निहारने त्या दिवशी जेवणाऐवजी शुगर-फ्री बिस्किटांचा अख्खा पुडा फस्त केला होता. तो हिरवा होता.

आरोग्य विभागाच्या प्रमुख अश्लेषाबाई मूळच्या पुण्याच्या. त्यांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली. ॲपला साखर कळते, तिचं कूळ कळत नाही, असं त्या म्हणाल्या. फळातली नैसर्गिक साखर वजा करून मिळेल, मात्र केळं नैसर्गिक असल्याचा विक्रेत्याच्या सहीचा दाखला जोडावा लागेल. प्रत्येक केळ्यामागे एक.

बनशंकरीच्या बाजारातल्या फळवाल्या अक्कांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. केळं झाडाला लागतं एवढंच लिहून द्यायचंय ना, अशी त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. मग "सरी", म्हणजे ठीक आहे, असं म्हणून सही केली आणि या माणसाला जरा बरं वाटावं म्हणून एक केळं वर दिलं. त्याचाही दाखला लागला.

दाखले तपासणाऱ्या कंपनीच्या समितीने केळं नैसर्गिक असल्याचं एकमताने मान्य केलं. पण एक मुद्दा उरला. नियमानुसार अख्ख्या फळातली साखर सोडायची होती आणि रसातली मोजायची होती.

"तुम्ही केळं चावता का?" अश्लेषाबाईंनी विचारलं.

"चावतो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही कधी."

"तोच तर इश्यू आहे. चावलं की लगदा होतो आणि लगदा म्हणजे ऑलमोस्ट ज्यूस. आठच्या वर गेलात तर मला ते ज्यूसमध्ये धरावं लागेल."

अवधूत मोजून आठ वेळा चावू लागला. तिसऱ्या दिवशी बसमध्ये त्याच्या घशात केळं अडकलं आणि ड्रायव्हरने बस थांबवून त्याच्या पाठीत चार गुद्दे घातले. समितीने सहानुभूती व्यक्त केली, पण अडकलेल्या केळ्याची नोंद प्रलंबित ठेवली. महिना गेला, शुक्रवार गेले. शलाकाचा नमस्कार सुरूच राहिला.

शेवटी निहारलाच त्याची दया आली.

"अरे, तू खातोस तेच लिहितोस?" त्याने विचारलं. "बाकी सगळे नुसतं पाणी लिहितात."

अवधूतने 'पाणी' असं लिहिलं. ॲप हिरवं झालं. पुढचा महिनाभर ते हिरवंच राहिलं आणि शुक्रवार मिळाला. दुसऱ्या शुक्रवारी शलाकाने त्याला पहिल्यांदा 'अरे बाबा' अशी हाक मारली. आपण केलं ते योग्यच केलं, याबद्दल त्याला तेव्हा काडीचीही शंका राहिली नाही.

तिसऱ्या शुक्रवारी परिपत्रक आलं. कर्मचाऱ्यांनी स्वतःच केलेल्या नोंदींनुसार कंपनीतले चारशे बारा जण केवळ पाण्यावर निरोगी आयुष्य जगत असल्याने जेवणाची सुट्टी आणि कॅन्टीन ही दोन्ही बंद करण्यात येत होती. कोणाचा आक्षेप असल्यास त्याने आपलं मागच्या महिन्यातलं खरं खाणं लेखी कळवावं. त्याचा शुक्रवार अर्थातच काढून घेण्यात येईल.

अवधूत आता बसच्या शेवटच्या बाकावर खिडकीकडे तोंड करून केळं खातो. दोन महिने झाले, आक्षेप एकही आलेला नाही.

तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. फक्त एवढं सांगा, मागच्या खेपेला डॉक्टरांनी "गोड किती खाता?" असं विचारलं, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत?