एकशे तेरावा नकार

भांडुपच्या स्नेहदीप सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे श्यामकांत धुरी सकाळी उठून आधी कॉम्प्युटर चालू करायचे. मग दूध आणायचे, दाढी करायचे, आंघोळ उरकायचे, आणि देवाला फूल वाहून झालं की कुठे पडद्यावर पहिलं चित्र उमटायचं. त्यांची काही तक्रार नव्हती. अंधेरीच्या एका औषध कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं डिस्पॅच खात्यात काढली होती आणि उशीर सांभाळून घेण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली होती. हा कॉम्प्युटरसुद्धा त्या कंपनीने मोडीत काढलेला. "घेऊन जा धुरी," साहेब म्हणाले, आणि धुरींना नाही म्हणता आलं नाही.

तसं त्यांना कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. गल्लीत एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन मित्रमंडळं होती आणि धुरी दोन्हींचे सल्लागार होते. सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलच्या अर्जांवर सूचक म्हणून त्यांचीच सही होती. घरात पाणी शुद्ध करायची दोन यंत्रं होती, कारण ती विकायला दोन माणसं आली होती आणि दोघंही उन्हातून आली होती.

अशा माणसाच्या हाती इंटरनेट आलं. कुठलीही साइट उघडली की वर एक चौकट यायची, "आम्ही आपल्याला सूचना पाठवू का? अलाऊ की ब्लॉक?" इतक्या अदबीनं कुणी विचारल्यावर ब्लॉक कसं म्हणायचं? धुरी अलाऊ दाबायचे. त्यामुळे त्यांच्या ब्राउझरमध्ये गुडघेदुखीच्या तेलापासून कॅनडातल्या हिमवृष्टीपर्यंत सगळ्या जगाची ये-जा सुरू झाली. दर मिनिटाला कोपऱ्यात "टुंग" व्हायचं आणि धुरी कौतुकानं म्हणायचे, "बघ, तिकडे बर्फ पडलंय."

"पडू दे," रत्नप्रभाबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "आपल्याकडे भात करपलाय."

हे असंच चाललंही असतं, पण रत्नप्रभाबाईंना परीक्षा द्यायची होती. महिला मंडळाच्या बालवाडीत त्या बावीस वर्षं मदतनीस होत्या. हुद्दा मदतनिसाचा, पण पस्तीस पोरांना गाणी शिकवणं, डबे भरवणं, रडणाऱ्याला हसवणं आणि हसणाऱ्याला गप्प करणं हे सगळं त्याच करायच्या. आता मुख्य शिक्षिका सुलक्षणाबाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी रत्नप्रभाबाईच हव्या होत्या सगळ्यांना, पण शिक्षिकेला प्रमाणपत्र लागणार, असा नवा नियम झाला होता. नाहीतर बाहेरून कुणीतरी येणार, आणि बाईंनी तिच्या हाताखाली डस्टर झटकायचं.

चौपन्नाव्या वर्षी त्या पहाटे उठून पुस्तकात खुणा करत बसायच्या. धुरी अंथरुणातून एक डोळा उघडून बघायचे. आपल्या बायकोला अभ्यास करताना बघण्याइतकं छान त्यांना दुसरं काही वाटत नव्हतं, पण हे तिला सांगायचा धीर त्यांना बत्तीस वर्षांत झाला नव्हता.

परीक्षा रविवारी अकरा वाजता, घरच्या कॉम्प्युटरवर. चाळीस प्रश्न, एक तास, समोर कॅमेरा. पडद्यावर दुसरं काही उघडलं, खोलीत दुसरं माणूस दिसलं किंवा दुसरा आवाज आला की इशारा. तिसऱ्या इशाऱ्याला परीक्षा बंद.

शनिवारी सकाळी सराव परीक्षा झाली. पहिल्याच प्रश्नाला गुडघ्याचं तेल आडवं आलं. इशारा एक. दुसऱ्या प्रश्नाला कॅनडात बर्फ पडलं. इशारा दोन. तिसरा प्रश्न दिसायच्या आत कोणीतरी कोट्यवधींच्या बक्षिसाबद्दल अभिनंदन केलं आणि सराव परीक्षा बंद झाली.

"अहो," रत्नप्रभाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या असं झालं तर माझी वाट लागेल."

त्या ओरडल्या असत्या तर धुरींना बरं वाटलं असतं. ते तडक तिसऱ्या मजल्यावर गेले आणि बँकेतून निवृत्त झालेल्या सुबोध सामंतांना घेऊन आले. सामंतांनी खुर्चीत बसता बसता निदान केलं.

"कचरा साठलाय. क्लीनर टाकतो. टाकू ना?"

"टाका ना," धुरी म्हणाले.

क्लीनर येताना आपल्याबरोबर आणखी दोन भावंडं घेऊन आला. जिन्यात ही बातमी पसरली आणि खालचा झेरॉक्सवाला शिवदास पेन ड्राइव्ह घेऊन वर आला. "क्लीनरनं काय होतंय काका? व्हायरस आहे. अँटिव्हायरस टाकू?" धुरी म्हणाले, टाक. सामंतांना ते लागलं. त्यांनी आपला वेगळा अँटिव्हायरस टाकू का म्हणून विचारलं, आणि धुरींनी त्यांनाही होकार दिला. दुपारी दोनपर्यंत दोन्ही अँटिव्हायरस एकमेकांनाच व्हायरस समजून धरपकड करू लागले, ब्राउझरच्या वरच्या बाजूला तीन पट्ट्या चढल्या आणि बाण हलवला की तो चहा पिऊन यावा तसा मागाहून हलायला लागला.

"आता फॉरमॅटच मारायला पाहिजे," सामंत म्हणाले. "मारू?"

धुरींनी तोंड उघडलं. उत्तर काय येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"गप रवा सगळे!" रत्नप्रभाबाईंचा मालवणी आवाज कडाडला. बालवाडीत हा आवाज वर्षातून दोनदाच लागायचा. सामंत उठून उभे राहिले. शिवदासनं पेन ड्राइव्ह खिशात घातला.

दोघांना चहा पाजून घालवल्यावर त्या वही-पेन घेऊन कॉम्प्युटरसमोर बसल्या. "पस्तीस पोरं एकदम बोंबलायला लागली की काय करतात माहितेय? एकेकाला नाव विचारायचं." त्यांनी सेटिंगमध्ये शिरून एकेक नाव वहीत उतरवायला घेतलं. "तू कोण? तुझं काम काय?" त्या पडद्याला विचारायच्या. ज्याला काम सांगता आलं नाही, तो बाहेर. क्लीनर गेला, त्याची भावंडं गेली, पट्ट्या गेल्या. पाहुणे म्हणून आलेले दोन्ही अँटिव्हायरस गेले आणि कॉम्प्युटरचा मुळातला घरचा तेवढा राहिला. मग सूचना पाठवणाऱ्यांची यादी उघडली. धुरींनी परवानगी दिलेले एकशे बारा जण निघाले.

"एकशे बारा!" बाई म्हणाल्या. "आपल्या लग्नाला एवढी माणसं नव्हती."

एकशे बाराही जणांना त्यांनी एकेक करून ब्लॉक केलं. धुरी शेजारी स्टुलावर बसून बघत होते. कॅनडाच्या वेळी त्यांना जरा वाईट वाटलं. पण बायकोचं बोट एकदाही अडखळलं नाही, आणि त्यांना मनापासून वाटलं, की ही बाई बंदरावर असती तर जहाजं वेळेवर सुटली असती. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला तर चष्मा पुसेपर्यंत पडदा हजर!

रविवारी अकराला परीक्षा सुरू झाली. अकरा वाजून चार मिनिटांनी धुरींना आठवलं, की हिच्या हातावर दही-साखर ठेवलीच नाही. ते वाटी-चमचा घेऊन धावले आणि कॅमेऱ्यात दहीसुद्धा स्पष्ट दिसलं. इशारा एक. रत्नप्रभाबाईंनी मान न वळवता डोळे तेवढे मिटले. धुरी पावलं न वाजवता मागे सरतात न सरतात तोच उघड्या दारातून सामंतांचा खणखणीत आवाज आला, "काय वहिनी, स्पीड मिळतोय ना?" इशारा दोन.

आता एकच उरला होता.

धुरींनी सामंतांना अक्षरशः छातीनं ढकलत बाहेर काढलं, स्वतः बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. लॅच लागलं. किल्ली आत, चपला आत, हातात दह्याची वाटी. ते बेलच्या पुढ्यात पहारा दिल्यासारखे उभे राहिले.

"मी फक्त दोन मिनिटं आत..." सामंत म्हणाले.

शब्द धुरींच्या ओठांपर्यंत आला, परत गेला, पुन्हा आला.

"म्हणजे... तसं... नाही," ते कुजबुजले.

सामंत त्यांच्याकडे बघतच राहिले. तीस वर्षांच्या शेजारात त्यांनी हा शब्द या तोंडातून ऐकला नव्हता. मग ते वर गेले. सव्वाअकराला शिवदास आला, "काका, नवीन व्हर्जन आणलंय." या खेपेला "नाही" जरा लवकर निघालं. साडेअकराला एका मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीचं पुस्तक घेऊन आले, त्यांनाही नाही. धुरींना आता मजा वाटायला लागली होती.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना इंटरनेटवाला आला. त्यानं जिन्यातली पेटी उघडली आणि अगदी अदबीनं विचारलं, "काका, पाच मिनिटं लाइन बंद करतो. वरच्या सामंतांची कंप्लेंट आहे. चालेल ना?"

अगदी पडद्यावरची चौकट, तसाच नम्र आवाज!

"नाही," धुरी म्हणाले.

"दोनच मिनिटं."

"नाही."

"काका, तिसऱ्या माळ्यापर्यंत जाऊन आलोय. मला अजून चार बिल्डिंगी आहेत. माझी नोकरी आहे ना ही."

हे मात्र कठीण होतं. तो माणूसही उन्हातूनच आला होता आणि शर्ट पाठीला चिकटला होता. धुरींनी वाटी पुढे केली.

"हे दही-साखर खा. सावकाश खा. माझी बायको आत परीक्षा देतेय. बावीस वर्षं थांबलीय ती, तू दहा मिनिटं थांब. पण लाइन बंद करायची नाही म्हणजे नाही."

तो पायरीवर बसून दही खायला लागला. वाटी चाटून पुसून झाली तेव्हा दार उघडलं. रत्नप्रभाबाई घामाघूम झाल्या होत्या.

"चाळीसच्या चाळीस लिहिले," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही असे अनवाणी का?"

धुरींनी सगळं सांगितलं. त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं, की धुरींची कॉलर आपोआप ताठ झाली. बाई तोंड धुवायला गेल्या आणि धुरी कॉम्प्युटर बंद करायला बसले. पडद्यावर एक चौकट आली होती, "आम्ही आपल्याला सूचना पाठवू का?" धुरींनी रुबाबात ब्लॉक दाबलं.

निकाल लागताच कळवू, असं परीक्षेवाल्यांनी लिहिलं होतं. आठ दिवस गेले, दहा गेले. कॉम्प्युटर अगदी चिडीचूप होता. बाराव्या दिवशी रत्नप्रभाबाईंनी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि नुसतंच म्हणाल्या, "जाऊ दे." धुरींना जेवण गेलं नाही.

तेराव्या दिवशी बेल वाजली. दारात सुलक्षणाबाई, कंबरेवर हात ठेवून.

"काय गं रत्ना, आठवडा झाला निकाल लागून! चाळीसपैकी अडतीस! मंडळाकडे यादी आली तेव्हापासून पेढ्यांची वाट बघतेय मी. शिक्षिका झालीस तर एवढी मिजास?"

रत्नप्रभाबाई मटकन खुर्चीत बसल्या. मग उठल्या, सुलक्षणाबाईंना मिठी मारून रडल्या, डोळे पुसले आणि तडक कॉम्प्युटरशी जाऊन यादी उघडली. एकशे बारा जागच्या जागी बसले होते आणि सगळ्यांत वर, एकशे तेरावा, परीक्षेवाले.

"अहो, हे एकशे बारा माझे," त्या सावकाश म्हणाल्या. "हा कोणाचा?"

धुरींनी पडद्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"बत्तीस वर्षांत पहिल्यांदा यंत्राला नाही म्हणालात," बाई हसू दाबत म्हणाल्या, "तेही माझ्याच निकालाला!" आणि मग त्यांना हसू आवरेना, सुलक्षणाबाईंनाही आवरेना. डोळ्यांना पदर लावून त्यांनी खुर्ची रिकामी केली आणि नवऱ्याला बसवलं. "बसा. तुमच्या हातानं अलाऊ करा आता."

धुरींनी माउस धरला. बाण अलाऊवर नेला. बोट उचललं आणि तसंच धरून त्यांनी मान मागे वळवली.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं.