तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र

रविवारी सकाळी दहा वाजता दशरथ ओव्हाळ ऊर्फ अण्णांनी हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, "सबंध देशात स्वच्छ समुद्र आता एकच उरलाय. कर्वेनगर, तिसरा मजला, जिन्यासमोरचा फ्लॅट!"

ऐकायला तिघं होती. मुलगी दीपाली पेपर वाचत होती, बायको नंदाबाई मटार सोलत होत्या आणि खालच्या मजल्यावरचे श्रीनिवासकाका, म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, चहाच्या दुसऱ्या कपाची वाट पाहत होते.

"आमच्या छतातून उतरला होता, तेव्हा इतका स्वच्छ नव्हता," काका म्हणाले.

"तेव्हा तो नवीन होता."

"आमचा रंगही नवीनच होता."

अण्णांनी ते ऐकलंच नाही. टाकीतले दोन केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे काचेला नाक लावून त्यांच्याकडे पाहत होते. "दीपाली, यंत्र काय म्हणतंय?"

दीपालीने उठून यंत्र बुडवलं. "बरोबर आहे अण्णा. काटा हिरव्या पट्टीत."

"झालं! यंत्राचं काम यंत्राने करावं. जिभेचा जमाना गेला, श्रीनिवासराव."

मग त्यांनी माशांना खाणं टाकलं. पेपराच्या कडेवरून दीपालीने पाहिलं, बोट पाण्यात बुडालं, वर आलं, क्षणभर तोंडासमोर थांबलं आणि निमूटपणे पंचाला पुसलं गेलं. ती पुन्हा पेपर वाचू लागली.

तो त्या घरातला शेवटचा साधा रविवार. सोमवारी सकाळी टाकीचा पंप नेहमीसारखा बुडबुडत होता आणि अण्णा उठले नाहीत.

पण कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर समुद्र आला कसा, हे सांगायला हवं. आणि ते रडत सांगता येणार नाही. अण्णा मध्येच म्हणाले असते, "ते राहू दे, पाण्याचं बोल!"

अण्णांनी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं काढली होती. घोटभर पाणी जिभेवर घोळवून ते सांगायचे, "आज क्लोरीन जरा सढळ हातानं सोडलंय. माणूस नवीन दिसतो." आणि माणूस नवीनच निघायचा! लग्नाला गेले, की जेवणाबद्दल एक शब्द नाही. पाणी नळाचं की टँकरचं, हे मात्र वधूपित्याला सांगून यायचे. निवृत्तीनंतर ही जीभ बेकार झाली. त्यात रक्तदाब निघाला आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं.

नंदाबाईंनी नुसतं अण्णांचं नाही, अख्ख्या घराचं मीठ बंद केलं! "एकाला वेगळं शिजवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यासमोर चवीनं खायचं, असलं माझ्या घरात चालणार नाही." बरणी माळ्यावर गेली. त्यांची आमटी तेव्हापासून गरम पाण्याची लांबची नातेवाईक लागायची.

दीपाली खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळायचा, आणि घरी ती ते काम फुकट करायची. तिच्या ऑफिसातला रोहन अमेरिकेला निघाला, तेव्हा त्याच्याकडची खाऱ्या पाण्याची टाकी तिने घेऊन टाकली. चार फुटांची काच, दगड, वाळू, पंप आणि दोन मासे. अण्णांना विरंगुळा होईल! चुकण्यासारखं त्यात आहेच काय?

शनिवारी टेम्पो निघाला. मासे झाकणाच्या बादलीत, बादली अण्णांच्या मांडीवर. येरवड्याच्या चौकात हवालदाराने टेम्पो थांबवला.

"बादलीत काय आहे?"

"समुद्र."

हवालदाराने झाकण उचललं, आत पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सांडू नका."

घरी पोचेपर्यंत एकच गोष्ट फुटली, पाण्यातलं मीठ मोजायची रोहनची काचेची नळी. दीपालीने कपाळाला हात लावला. अण्णांचा चेहरा मात्र बढती मिळाल्यासारखा फुलला!

"नळी कशाला? त्र्याऐंशी साली खात्याची सहल हरिहरेश्वराला गेली होती. लाटेनं पाडलं आणि अर्धा समुद्र तोंडात गेला. ती चव अजून अशी इथं आहे." त्यांनी जिभेचं टोक दाखवलं.

त्यांनी दुसऱ्या बादलीत माशांचं खास मीठ विरघळवलं, बोट बुडवलं, डोळे मिटले. "अजून दोन मुठी." पुन्हा बोट. "अजून अर्धी." पुन्हा बोट. "हरिहरेश्वर!"

अशा बादल्या ओतून टाकी भरली, मासे आत सुटले आणि असे पोहू लागले, जणू त्यांचं माहेरच हरिहरेश्वर! पुढचा दीड महिना सगळं सुरळीत चाललं. इतकं सुरळीत, की अण्णा दिवसातून किती वेळा बोट बुडवतात, हे मोजायचं कुणाला सुचलंच नाही.

मग डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा पाहून चष्मा काढला. "वहिनी, मीठ जास्त होतंय."

"माझ्याकडून?" नंदाबाई उभ्याच राहिल्या. "डॉक्टर, माझ्या हातची आमटी तुम्ही एकदा पिऊन बघा!"

घरी येऊन त्यांनी झडती सुरू केली. स्कूटरची डिकी उघडली, गादी उलटी केली. काही सापडेना, म्हणून त्या तडक खाली गेल्या. "श्रीनिवासभाऊजी, खरं सांगा. ह्यांना चोरून फरसाण तुम्ही देता ना?"

"वहिनी," काका शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे फरसाण असतं, तर मी ते कुणाला दिलं असतं का?"

ह्या उत्तरावर शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकाच वर आले. टक्कल ओलं होतं. "ओव्हाळ, मी जेवत होतो. डोक्यावर काहीतरी पडलं. तुमचं गळतंय."

सगळं कुटुंब खाली गेलं. छताला पिवळा डाग पडला होता आणि त्यातून सावकाश एकेक थेंब सुटत होता. प्लंबरला बोलवावं, असं दीपाली म्हणणार होती, तेवढ्यात अण्णांनी हात वर करून एक थेंब बोटावर झेलला आणि, चौतीस वर्षांची सवय ती, सरळ जिभेवर ठेवला! डोळे मिटले.

"आपलंच आहे," ते म्हणाले. "पण झिरपताना जरा कडक झालंय. सकाळी अगदी बरोबर होतं."

छत तेवढं ठिबकत राहिलं.

"सकाळी?" नंदाबाईंनी विचारलं.

"म्हणजे... अकराला."

"अकराला?"

"दहालाही बरोबरच होतं."

"किती वाजता चूक होतं तेवढं सांगा!" नंदाबाई कडाडल्या. "मी वर्षभर अळणी गिळतेय, पोरीला गिळायला लावतेय, आणि तुम्ही इथं समुद्र पिताय?"

"पीत नाही गं, नुसता चाटतो."

पंपाची नळी निसटली होती. ती प्लंबरने पाच मिनिटांत बसवली. अण्णांची जीभ कशी बंद करायची, हे प्लंबरला येत नव्हतं. ते काम दीपालीने घेतलं. नारायण पेठेत हिंमतरावांचं माशांचं दुकान होतं. तिथून तिने मीठ मोजायचं यंत्र आणलं. चपटी प्लास्टिकची डबी, आत एक काटा. पाणी भरायचं, काटा वर चढतो, आकडा वाचायचा.

काटा चढला, हिरवी पट्टी ओलांडून तांबडीत जाऊन बसला.

"बघा! मीठ जास्त आहे. कितीतरी जास्त!"

"नाही गं." अण्णा ठामपणे म्हणाले. "जीभ सांगतेय, बरोबर आहे."

"जीभ म्हणजे काय पुरावा आहे, अण्णा? चौतीस वर्षं कुणी तपासलं नाही, म्हणून तुमची जीभ बरोबर ठरली!"

हे वाक्य ती ऑफिसात कुणाला बोलली असती, तर दोन ओळींचा माफीचा ईमेल पाठवावा लागला असता. अण्णांनी स्वतःच रिकामी बादली आणून दिली. तिने दोन बादल्या खारं पाणी काढलं, दोन बादल्या साधं ओतलं. अण्णांनी एकदाच बोट बुडवलं.

"किलोभर मीठ गेलं," म्हणाले, आणि आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी मासे दगडामागून बाहेर येईनात. खाणं तसंच तरंगत राहिलं. दीपालीने घाबरून हिंमतरावांना फोन लावला.

"ताई, काट्याला बुडबुडा चिकटतो. मग तो उगाच वर चढतो. टिचकी मारलीत का?"

"टिचकी?"

"डबीला. बरोबर कागद दिलाय, त्यावर पहिल्याच ओळीत आहे. लोक वाचत नाहीत."

रोज चार जणांना 'आधी सूचना वाचा' असं लिहून काम परत पाठवणाऱ्या दीपालीने कचऱ्याच्या डब्यातून तो कागद काढला. पहिलीच ओळ होती. तिने टिचकी मारली. मोहरीएवढा बुडबुडा सुटला आणि काटा पार तळाला गेला!

म्हणजे आधी बरोबर होतं. अण्णांचं अगदी बरोबर होतं.

अण्णा फिरायला बाहेर पडले की ती बादलीत मीठ विरघळवायची आणि तांब्या-तांब्याने टाकीत सोडायची. दोन सकाळी लागल्या. टिचकी मारून काटा हिरव्या पट्टीच्या मधोमध आला, तेव्हा तिने मिठाची पिशवी वजनकाट्यावर ठेवून पाहिली. एक किलो कमी झालं होतं. ग्रॅमभर इकडेतिकडे नाही.

संध्याकाळी मासे बाहेर आले. आता अण्णांना सांगायचं, असं ठरवून ती हॉलमध्ये आली, तर अण्णा टाळ्या वाजवत होते!

"मानलं! दीपाली, मानलं तुझ्या यंत्राला! दोन दिवसांत रुळले बघ तुझ्या पाण्याला! माझ्या जिभेवर राहिलो असतो, तर बिचारे मेले असते. नंदा, ऐकलंस का? आजपासून चाटणं बंद!"

नंदाबाईंच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा चव आली. दीपालीने तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगितलं, की बोट पुन्हा पाण्यात जाणार, पाण्यातून तोंडात जाणार. महिन्याने डॉक्टरांचा आकडा उतरला, तेव्हा तर तिला आपलं मौन हे औषधच वाटू लागलं. पुढच्या रविवारी सांगू, असं ती म्हणत राहिली. तोवर अण्णा सोसायटीभर सांगत सुटले होते, "आमच्या पोरीनं यंत्र आणलं. आम्ही आपले अडाण्यासारखे जिभेवर चालत होतो." हे ते इतक्या अभिमानाने सांगायचे, की तिला तिथून उठून जावंसं वाटायचं. असे आठ महिने गेले. मग तो मटारांचा रविवार आला.

अण्णांच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं दुपारी पांगली. श्रीनिवासकाका चपला घालता घालता दारातून म्हणाले, "छताचा रंग राहू द्या तसाच. काही घाई नाही." नंदाबाईंनी पानं वाढली. आमटी अळणीच होती. मीठ घाल, असं कुणाच्या तोंडून निघेना.

"दोन आठवडे नुसतं खाणं टाकलं, टाकी कुणी बघितली नाही," नंदाबाई म्हणाल्या. "पाणी खाली गेलंय. मीठ बघ."

दीपालीने यंत्र बुडवलं, टिचकी मारली, काटा पाहिला. मग यंत्र बाजूला ठेवलं, बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. तिला काही कळलं नाही. नुसतं खारट लागलं. तिने पुन्हा बुडवलं आणि डोळे मिटले.

"आता तूही सुरू केलंस?" नंदाबाई म्हणाल्या. पण आवाजात रागावण्याइतकं बळ नव्हतं.

मासे काचेला नाक लावून वाट पाहत होते. दीपाली त्यांच्याकडे बघत, खाली काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"अण्णा, तुमचं बरोबर होतं! यंत्राला बुडबुडा चिकटला होता, मी टिचकी मारली नव्हती. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, अण्णा. किलो म्हणजे किलोच निघालं... आणि आज साधं पाणी किती टाकायचं, ते मला जिभेवरून अजिबात कळत नाहीये!"